छेदात कोण धरलं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) घरांचा प्रतिसाद दर देशपातळीवर ९८ टक्के आहे. वाचणारा त्याचा सरळ अर्थ लावतो: निवडलेल्या शंभर घरांपैकी अठ्ठ्याण्णव घरांनी उत्तरं दिली. हिशेब मात्र तसा नाही. उत्तर न मिळालेल्यांत कोण धरायचं, याचे नियम ठरलेले असतात. घरात जाणतं माणूस भेटलं नाही, घरच्यांनी नकार दिला, ‘नंतर या’ म्हणाले किंवा घर सापडलंच नाही, तर ते घर छेदात, म्हणजे ‘कितींपैकी’ या आकड्यात, राहतं. पण घरातली सगळीच माणसं बरेच दिवस बाहेरगावी गेलेली असतील, तर ते घर छेदातून वजा होतं. पडलेलं किंवा ओसाड घर वगळतात, तसंच.

आता हा नियम सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यात नेऊन पाहा. दिवाळी झाली की धडगाव, अक्कलकुवा, तळोद्यातली कुटुंबंच्या कुटुंबं मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन सुरत, बारडोलीकडे ऊसतोडीला जातात. एक जोडी म्हणजे एक कोयता. सोबत अंगावर पिणारं मूल, त्याला सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण, कधी म्हातारी. परततात होळीच्या सुमाराला. महाराष्ट्रात पाचव्या फेरीचं काम जून ते डिसेंबर २०१९ मध्ये झालं आणि त्या वर्षीचं लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होतं. म्हणजे एखाद्या गावात पथक ऑगस्टमध्ये पोचलं की डिसेंबरमध्ये, एवढ्यावर त्या गावाचे आकडे बदलू शकतात. डिसेंबरात गेलेल्या पथकाला घरी कोण भेटणार? ज्यांची शेती वर्षभर पुरते ते, ज्यांच्या घरी नोकरी आहे ते, आणि प्रवासाला नेण्यासारखे नसलेले म्हातारे. त्या यादीत सगळ्यात हलाखीचं मूल नसतं. प्रतिसाद दर मात्र उत्तमच येतो.

आदिवासी आरोग्याच्या आकड्यांवर आपल्याकडे नेहमी एकच तक्रार ऐकू येते, आकडे कमी आहेत. ती खरी आहे, पण अर्धी. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आदिवासी आरोग्य तज्ज्ञ समितीनं २०१८ मध्ये अहवाल दिला, तेव्हा जमातींची वेगळी माहिती नसणं हीच मोठी अडचण होती. पण नंदुरबारच्या बाबतीत खरा घोळ छेदात आहे. कुपोषित किती, सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाचे किती, माता किती दगावल्या, हा अंश वर्तमानपत्रात येतो. तो कितींपैकी, ते कितीजण कोणत्या यादीतून निवडले आणि त्या यादीत कोण नव्हतं, हे कोणी विचारत नाही. आमचं म्हणणं एवढंच की सातपुड्याबद्दलचा कोणताही आरोग्याचा आकडा छापताना, वगळलेल्यांचा हिशेब त्याच पानावर यायला हवा. आणि तो आकडा स्वतःच्या पायावर उभा राहील एवढा मोठा नमुना तिथून घ्यायला हवा.

यादीपासूनच सुरुवात करू. मोठ्या सर्वेक्षणांची ग्रामीण यादी अजून २०११ च्या जनगणनेच्या गावांची आहे. जनगणनेत गाव म्हणजे महसुली गाव. डोंगरात गाव म्हणजे आठ-दहा पाडे, मध्ये नाले, टेकड्या, एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायला तासभराची चढण. पाटीलपाड्यावर शाळा, अंगणवाडी आणि डांबरी रस्ता. शेवटच्या पाड्यावर यातलं काही नाही. गाव तीनशे घरांच्या वर असलं तर सर्वेक्षणवाले त्याचे शंभर ते दीडशे घरांचे भाग पाडतात, त्यातले दोन चिठ्ठीनं उचलतात, त्यांची घरयादी करतात आणि त्यातून २२ घरं निवडतात. पद्धत कागदावर निर्दोष आहे. चूक शिरते ती भागांची हद्द आखताना. नकाशा काढणारा माणूस एका दिवसात जेवढं चालू शकतो, तेवढाच गावाचा नकाशा होतो. जो पाडा नकाशात आला नाही त्याला चिठ्ठीत नाव नाही, आणि चिठ्ठीत नाव नसल्याची खूण पुढे कुठेच उरत नाही.

सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, सगळी अक्राणी (म्हणजे धडगाव तालुका) आणि अक्कलकुव्यातली. त्यातली बरीच माणसं तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर वसाहतींत आली, काही काठावरच वर सरकली. काठावरच्यांकडे तरंगता दवाखाना बोटीनं जातो. बोट जाते तिथे प्रगणकही जाईलच, असं मात्र समजू नये.

हे झालं मोठ्या सर्वेक्षणाचं. वैद्यकीय पदव्युत्तर प्रबंधांसाठी होणारे छोटे अभ्यास तर बहुधा ‘तीस गट, प्रत्येकी सात मुलं’ या लसीकरणाच्या जुन्या पद्धतीवर चालतात. २१० मुलं झाली की काम झालं. गावाच्या मध्यावर उभं राहून दिशा ठरवायची, पहिल्या घरापासून सुरुवात करायची आणि शेजारशेजारची घरं घेत जायचं. पाड्यांच्या गावाला मध्यच नसतो. मग गाडी थांबते तो मध्य ठरतो. अशा अभ्यासातून ‘नंदुरबारमधल्या आदिवासी मुलांतलं लसीकरण’ म्हणून जे बाहेर येतं, ते रस्त्याकडेच्या मुलांचं लसीकरण असतं.

आता आकाराकडे. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार, त्यात अनुसूचित जमाती ६९ टक्के. धुळ्यात हे प्रमाण साधारण ३२, जळगावात १४ टक्क्यांच्या आसपास. नंदुरबारात बहुसंख्या आदिवासींचीच, मग तिथला जिल्ह्याचा आकडा आदिवासींचाच झाला की, असं वाटतं. पण नवापूरचा मावची किंवा कोकणी शेतकरी, शहाद्याच्या सपाटीवरचा भील शेतमजूर आणि तोरणमाळच्या वरच्या पाड्यावरचं पावरा कुटुंब यांची सरासरी काढली, तर ती यातल्या एकाचीही नसते. धडगाव आणि अक्कलकुवा हे दोन तालुके मिळून जिल्ह्याच्या लोकसंख्येच्या चौथ्या हिश्श्याहून थोडेच जास्त. मोठ्या सर्वेक्षणात जिल्ह्याच्या वाट्याला चाळीसेक गट (निवडलेली गावं किंवा वस्त्या, प्रत्येकी २२ घरं) आले, तर या दोन तालुक्यांत दहा-अकरा पडणार, म्हणजे अडीचशेच्या आत घरं. त्यांत पाच वर्षांखालची, मोजमाप झालेली मुलं दीडशे धरू. खुजेपणा (वयाच्या मानानं कमी उंची) पन्नास टक्के निघाला, तर एकाच गटातली मुलं एकमेकांसारखी असतात हे लक्षात घेऊन, आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ती पट्टी दोन्ही बाजूंना दहा-दहा टक्क्यांची होते. खरा आकडा चाळीस की साठ, हे सांगता येत नाही. पाच वर्षांनी तो पंचेचाळीस आला तर सुधारणा झाली म्हणायचं की नाही? काहीच म्हणता येत नाही. पण म्हटलं जातं.

पट्टी पाच-पाच टक्क्यांवर आणायची, तर त्या दोन तालुक्यांतून पावणेसहाशे मुलं लागतात, सुमारे चौपट. पावरा आणि भील वेगळे पाहायचे, तर दोघांतून प्रत्येकी तेवढी. यालाच जादा नमुना घेणं म्हणतात आणि ते काही क्रांतिकारक नाही. नंतर प्रत्येकाच्या लोकसंख्येतल्या वाट्याप्रमाणे भार लावून जिल्ह्याची सरासरी जशीच्या तशी परत काढता येते. न्यूझीलंडमध्ये तिथल्या मूळनिवासी माओरी संशोधकांनी हा मुद्दा तत्त्व म्हणून मांडला. माओरी लोकसंख्येत सहात एक, म्हणून नमुन्यातही सहात एक घेतले, तर इतरांबद्दल बारीकसारीक सांगता येतं आणि माओरींबद्दल फक्त ‘अंदाजे’. म्हणून दोघांना सारखा नमुना, म्हणजे दोघांबद्दल सारख्याच खोलीनं बोलता येईल. आपल्याकडे ‘लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधित्व’ हे शब्द इतके अंगवळणी पडलेत की आकडेशास्त्रात तेच अन्यायाचं कारण होऊ शकतं, हे लवकर पटत नाही.

मग येतो जमातीचा रकाना. सर्वेक्षणात कुटुंबप्रमुखाची जात-जमात विचारतात आणि उत्तर शेवटी एका खुणेत जातं: अनुसूचित जमाती. जनगणनेचे जमातनिहाय तक्ते आहेत, पण ते अनुसूचित जमातींच्या सरकारी यादीतल्या नोंदीप्रमाणे आहेत, आणि महाराष्ट्राच्या यादीत भील, तडवी भील, भिलाला, पावरा, वसावे ही सगळी नावं एकाच नोंदीत. धानका, तडवी, तेतारिया, वळवी ही दुसरी नोंद. गामित, गावित, मावची, पाडवी ही तिसरी. म्हणजे यावल-रावेरच्या केळीपट्ट्यातले मुस्लिम तडवी भील आणि धडगावचे पावरा एकाच ओळीत येतात, आणि ‘तडवी’ हे नाव दोन ओळींत. यातून वाट काढायला काही संशोधक आडनावावरून जमात ठरवतात. खान्देशात हे करू नये. पाडवी आणि वळवी आडनावाची कितीतरी घरं दाखल्यावर भील आहेत. आडनाव, नोंद आणि माणूस स्वतःला काय म्हणवतो, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रश्नावलीत तिन्हींना वेगळी जागा द्यायला अर्धं मिनिट लागतं.

याचा सर्वांत मोठा फटका सिकलसेलला बसतो. महाराष्ट्रात भील, पावरा या जमातींमध्ये वाहकांचं (एकाच पालकाकडून दोष आलेल्यांचं) प्रमाण वीस टक्क्यांच्या वर असल्याचं जुने अभ्यास सांगतात. इतर काही जमातींत ते नगण्य आहे. ‘आदिवासींत इतके टक्के’ या वाक्याला मग अर्थच उरत नाही. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, १७ राज्यांत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचं लक्ष्य. लक्ष्य तपासण्यांचं असलं की तपासण्या मोजल्या जातात. आश्रमशाळेत एका दिवसात चारशे मुलं रांगेत मिळतात, म्हणून शिबिर आश्रमशाळेत. तेच मूल पुढच्या वर्षी परत रांगेत. ऊसतोडीच्या पडावावर, म्हणजे मजुरांच्या तळावर, उसाच्या पाचटात झोपणाऱ्या मुलाकडे कोणी जात नाही.

शाळेतल्या तपासणीत आणखी एक खाच आहे आणि ती कागदावर करून पाहण्यासारखी आहे. वाहक शंभरात अठरा असतील, तर साध्या आनुवंशिक गणितानं जन्मतः शंभरात एक मूल दोन्हीकडून दोष घेऊन येतं, म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण. समजा आश्रमशाळेत हजार मुलं तपासली. रुग्ण दहा मिळायला हवेत. चारच मिळाले, तर ‘प्रमाण कमी’ असा निष्कर्ष काढायचा की उरलेली सहा कुठे गेली हे शोधायचं? काही लहानपणीच तापानं किंवा न्यूमोनियानं गेली असतील, काही सांधे दुखतात म्हणून शाळा सोडून घरी बसली असतील. शाळा हा जगलेल्यांचा आणि चालू शकणाऱ्यांचा नमुना आहे. शिवाय पहिली चाचणी बहुतेक ठिकाणी विद्राव्यतेची. रक्ताचा थेंब द्रावणात टाकायचा, मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या तर गढूळ, म्हणजे संशयित. ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही; त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली तपासणी लागते. सहा महिन्यांखालच्या बाळात ती भरवशाची नाही, हिमोग्लोबिन फारच कमी असेल किंवा नुकतंच रक्त चढवलेलं असेल तरी चुकीची ‘नाही’ येऊ शकते. नेमके सर्वांत आजारी तेच निसटतात. अहवालात मात्र ‘संशयित’, ‘पक्के’ आणि ‘पक्क्या तपासणीला पोचलेच नाहीत’ यांतला तिसरा आकडा क्वचित दिसतो.

सर्वेक्षणातल्या रक्तक्षयाच्या टक्केवारीलाही हे लागू आहे. पाचव्या फेरीत बोटातून थेंब घेतला, गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन बाराच्या खाली म्हणजे रक्तक्षय. कारण विचारलं गेलं नाही. सिकलसेलच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन सात-आठवर असणं नेहमीचं. तो आकडा ‘लोहाच्या गोळ्या कमी खाल्ल्या’ या खात्यात जमा होतो आणि आशाताईला गोळ्यांबद्दल बोलणी बसतात.

वयाचा प्रश्न आणखी बारीक, पण खुजेपणाचं सगळं गणित त्यावर उभं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात २४ महिन्यांच्या मुलीची खुजेपणाची सीमा ७९.३ सेंटिमीटर, २७ महिन्यांच्या मुलीची ८१.५. एका मुलीची उंची ८०.५ भरली. आईनं ‘दोन वर्षं’ सांगितलं आणि तसंच लिहिलं, तर ती ठीक. खरं वय सव्वादोन असेल, तर ती खुजी. उंची तीच, फूटपट्टी तीच. जन्म घरी झालेला, दाखला नंतर काढलेला, त्यावर सोयीची तारीख. उपाय जुना आणि स्वस्त आहे: गावाची घटनापत्रिका. काठीची होळी, नवाई, भोंगऱ्या बाजार, दिवाळी, पहिली पेरणी, त्या वर्षी झालेली एखादी मोठी घटना यांची महिनावार यादी आधी गावात बसून करायची आणि मग ‘मागच्या होळीला मूल बसत होतं की चालत होतं’ असं विचारायचं. दर मुलामागे पाच मिनिटं जास्त. पण हे विचारायचं कोणत्या भाषेत? नंदुरबारात प्रश्नावली मराठीत असते. देहवाली, मावची, पावरी या इथल्या बोलींत तिचा अनुवाद मुलाखत घेणारी पोरगी उभ्या-उभ्या करते, आणि ती धुळ्याकडची असेल तर तिची अहिराणी डोंगर चढत नाही. २०११ च्या जनगणनेत भीली-भिलोडी मातृभाषा सांगणारे १ कोटी ४ लाख होते. एवढ्या लोकांसाठी छापील, तपासलेला अनुवाद महाग पडतो म्हणणं जरा जास्तच.

जन्म-मृत्यूची नोंद घटना घडली त्या जागी होते. अक्कलकुव्याची बाई गुजरातेत बाळंत झाली, शहाद्याकडची मध्य प्रदेशातल्या खेतियाला, तर जन्म तिकडे. ते बाळ घरी आल्यावर वारलं, तर मृत्यू इकडे. उलटंही होतं: पडावावर गेलेलं मूल नंदुरबारच्या कोणत्याच वहीत मेलेलं नसतं. जन्मून एकदा रडलेलं आणि गेलेलं बाळ ‘मृत जन्म’ म्हणून लिहिलं की बालमृत्यूदर आपोआप खाली येतो. मातामृत्यूत तर एकेक नोंद जड असते. जिल्ह्यात वर्षाला तीस हजार जन्म धरले, तर तीन मृत्यू सुटले की लाख जन्मांमागचा दर दहानं उतरतो. २०१८-२० च्या नमुना नोंदणीत (निवडक वस्त्यांतल्या जन्म-मृत्यूंच्या सरकारी नोंदीत) महाराष्ट्राचा मातामृत्यूदर ३३ होता, म्हणजे दहाचा फरक किती मोठा ते दिसेल. त्या नोंदणीतून राज्याचा दर मिळतो, जिल्ह्याचा नाही. जिल्ह्याला उरतो तो आरोग्य खात्याचा मासिक अहवाल. नंदुरबार २०१८ पासून केंद्राच्या मागास जिल्ह्यांसाठीच्या योजनेतला ‘आकांक्षित जिल्हा’ आहे, आणि निर्देशांक किती सुधारले त्यावर क्रमांक लागतो. ज्यानं लिहायचं, त्याचाच क्रमांक लागणार असेल, तर लपवाछपवीसाठी कोणी वाईट असावं लागत नाही. नुसतं ‘बघू, पुढच्या महिन्यात टाकू’ पुरतं.

या सगळ्यावर एक आक्षेप खुद्द आदिवासी कार्यकर्त्यांकडूनच येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. आणखी मोजणी कशाला? नंदुरबार म्हणजे कुपोषण हे लेबल आधीच चिकटलंय. जमातवार आकडे काढले की ‘पावरा म्हणजे सिकलसेल’ होईल, सोयरिकी मोडतील. भीती खरी आहे. पण न मोजल्यानं लेबल निघत नाही, अर्धवट मोजल्यानं ते पक्कं होतं. फरक पडतो तो आकडा कोणाच्या हातात, यावर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतितत्त्वांप्रमाणे समाजाच्या प्रमुखाची परवानगी घेतली, तरी प्रत्येकाची स्वतःची संमती लागतेच. प्रत्यक्षात अनेकदा सरपंचाची सही आणि मराठी कागदावर अंगठे, एवढ्यावर भागतं. निष्कर्ष गावात परत येत नाहीत. वैयक्तिक निकाल त्या माणसालाच, आणि पाड्याचे एकत्रित आकडे आधी ग्रामसभेला, नंतर नियतकालिकाला, असा क्रम लावला तर लेबल कोणी लावायचं हे तरी गावाला ठरवता येईल.

ग्रामसभेचं नाव शोभेसाठी घेतलेलं नाही. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याच्या महाराष्ट्रातल्या २०१४ च्या नियमांनुसार पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित होता येतं. असे घोषित पाडे, त्यांच्या हद्दी आणि अंगणवाडीची कुटुंब सर्वेक्षण नोंदवही, या तिन्हींतून महसुली गावांपेक्षा कितीतरी खरी नमुना-यादी उभी राहते. अंगणवाडीताई पाडा चालून आलेली असते. तिच्या वहीत जन्म चुकतात, पण घरं फारशी चुकत नाहीत. जिल्हा परिषदेनं एकदा ही यादी जुळवून घेतली, तर पुढचं प्रत्येक सर्वेक्षण आणि प्रत्येक प्रबंध तीच वापरू शकेल. आणि अहवालात चार ओळी सक्तीच्या कराव्यात: निवडलेली घरं किती, त्यांतली स्थलांतरामुळे बंद किती, गेलाच नाही असे पाडे कोणते, मुलाखत कोणत्या बोलीत झाली.

हे तातडीचं आहे, कारण पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. मोजणी फेब्रुवारीत होणार आणि २०२७ ची होळी येते २२ मार्चच्या सुमारास. जनगणनेचा आजवरचा नियम असा की मोजणीच्या संपूर्ण काळात घरी नसलेला माणूस जिथे सापडेल तिथे मोजायचा. म्हणजे धडगावची माणसं एक तर सुरत जिल्ह्याच्या पडावावर मोजली जातील, किंवा कुठेच नाही. पुढची दहा वर्षं नंदुरबारच्या प्रत्येक आरोग्य सर्वेक्षणाची यादी याच मोजणीतून निघेल. पडाव कुठे पडतात हे साखर कारखान्यांना ठाऊक असतं, तोडीचा कार्यक्रम तेच लावतात. कोणत्या गावचे किती कोयते कुठे गेले, हे मुकादमाच्या वहीत असतं. उचलीचे पैसे अडकलेले असल्यानं ती वही सहसा चुकत नाही. दोन्ही राज्यांच्या जिल्हा प्रशासनांनी जानेवारीत ती वही आणि पडावांची यादी एकत्र ठेवली, तर प्रगणकाला निदान पत्ता मिळेल. उचल जोडीला मिळते, म्हणून त्या वहीत मुलांची नावं नसतात. ती पडावावर जाऊनच लिहावी लागतील.